एप्रिल २०२९पर्यंत

"काका, अजून किती वर्षं वापरायचाय?"

लॅमिंग्टन रोडवरच्या एका चिंचोळ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर बसलेल्या मुलाने माझा लॅपटॉप पालथा घालता घालता विचारलं. विशीतला असेल. ओठांत स्क्रू, हातात ब्रश, एकाच कानात इअरफोन. सोल्डरिंगचा घशात बसणारा वास आणि खालून हातगाडीवाल्यांचं सतत "साइड, साइड". प्रश्न अगदी कामापुरता होता. वर्ष-दोन वर्षं ढकलायचा असेल तर साधी एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, आणि रॅमची एक पट्टी पुरे. जास्त वापरायचा असेल तर दोन्ही खाच्यांत रॅम टाकू, बॅटरीही बदलू. मी म्हटलं, "चालेल तितकं." त्याने मान वर केली. "तसं नाय काका, काहीतरी आकडा सांगा. त्या हिशेबाने माल काढतो."

आकडा काही मला सांगता आला नाही. दोन्ही पट्ट्या टाक म्हटलं, पैसे दिले आणि ग्रँट रोडला येऊन गाडी पकडली. दादरला पूल ओलांडून डोंबिवलीची गाडी धरेपर्यंत तो प्रश्न डोक्यात वाजत होता. साठी ओलांडली की हाच प्रश्न वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या आवाजात विचारू लागतात. विम्याचा एजंट विचारतो, गुडघ्याचा डॉक्टर विचारतो, सोसायटीच्या पुनर्विकासाचा बिल्डर तर फारच गोड आवाजात विचारतो. त्या सगळ्यांना मी काहीतरी ठोकून देतो. या मुलाला मात्र खरा आकडा हवा होता, आणि त्याला तो यंत्राबद्दलच हवा होता. तरीही मी मनातल्या मनात बेरजा-वजाबाक्या करत बसलो, त्या यंत्राच्या नव्हत्या.

लॅपटॉप थिंकपॅड टी-४३०. २०१३ साली घेतलेला, काळा, जाडजूड, आजच्या मुलांना दाखवला तर ते आधी हसतात आणि मग उचलून बघून गप्प होतात. मी प्रूफं वाचतो आणि अनुवाद करतो. आषाढापासून दिवाळीपर्यंत मला दुसरं जग नसतं. त्यामुळे या यंत्राशी माझा संबंध मुख्यतः बोटांचा आहे. इन्स्क्रिप्ट या मराठी कळरचनेत टाइप करणाऱ्याला कळेल, ई या कळीवर काना आहे आणि डीवर पाय मोडायची खूण. माझ्या लॅपटॉपच्या या दोन कळांवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत, नुसता तुकतुकीत काळा प्लास्टिक उरला आहे. मराठीत काने किती आणि जोडाक्षरं किती, याचा पुरावा म्हणून तो कळफलक कुणी वस्तुसंग्रहालयात ठेवला तरी चालेल. पडद्याच्या वरच्या कडेला एक बारीक दिवा आहे. दोन बोटांनी दोन कळा दाबल्या की तो लागतो आणि कळांवर पिवळट पांढरा उजेड सांडतो. दिवे गेले असताना त्या उजेडात मी छपाईचे कितीतरी फॉर्म तपासले आहेत. नव्या यंत्रांत असा दिवा नसतो. कळाच खालून उजळतात. ते सोयीचं आहे हे मान्य, पण टेबलावर शेजारी ठेवलेला कागद त्याने दिसत नाही.

गेल्या दोन वर्षांत मात्र हे यंत्र थकलं होतं. सुरू केलं की चहा करून यावा. फाइल उघडताना पंखा असा फिरायचा, की शेजारच्या खोलीतून विचारणा व्हायची, "कुकर लावलायस का?" आणि मग आली ती १४ ऑक्टोबर २०२५. विंडोज १०च्या दुरुस्त्यांचा नेहमीचा आधार त्या दिवशी संपला. २०१५च्या जुलैत आलेली ती आवृत्ती मी फुकट मिळत असतानाच घेतली होती. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझा तिसऱ्या पिढीचा. यात कुणावर रागावण्यासारखं काही नाही. नियम आहे, तो सगळ्यांना सारखा आहे. भाचा म्हणाला, "मामा, नवीन घे ना. मी ऑर्डर करतो, उद्या येईल." त्याच्या आवाजात काळजी होती. माझ्या नकारात नेमकं काय होतं ते मलाही नीट सांगता येणार नाही. थोडा कंजूषपणा, थोडा हट्ट, थोडी त्या दिव्याची माया. आणि एक ठाम समजही, की यंत्र मेलेलं नाही. त्याच्यावर चालणाऱ्या गोष्टीची तारीख संपली आहे.

म्हणून लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली.

लिनक्स मला अगदीच नवं नव्हतं. दोन हजार सहा-सातच्या सुमारास उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराची सीडी घरपोच फुकट यायची. नुसतं नाव-पत्ता कळवायचा, काही आठवड्यांनी पोस्टमन परदेशी तिकिटांचं पाकीट आणून द्यायचा. आमचा पोस्टमन ते पाकीट हातात घेऊन जरा रेंगाळायचा, कुणी नातेवाईक तिकडे गेलाय का याचा अंदाज घेत. आत तपकिरी रंगाचं कव्हर, त्यावर हसरी माणसं. संगणकाच्या वस्तूवर माणसांचे चेहरे मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती योजना २०११मध्ये बंद झाली. त्या सीड्यांपैकी एक 'डॅपर ड्रेक' होती, म्हणजे ६.०६. उबुंटूची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि तिच्या आकड्यात वर्ष आणि महिना असतो, एप्रिल किंवा ऑक्टोबर. ही मात्र जूनमध्ये आली, कारण ती दीर्घकाळ सांभाळायची पहिलीच आवृत्ती होती आणि नीट घासूनपुसून देण्यासाठी त्यांनी मुद्दाम सहा आठवडे घेतले. जाहीर केलेली तारीख चुकवली, पण का ते सांगून चुकवली. प्रेसमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला याचं केवढं कौतुक वाटतं ते कसं सांगू? आमच्याकडे अंक वेळेवर येतो आणि चुका पुढच्या अंकात दुरुस्त होतात.

तेव्हापासून दर दोन वर्षांच्या एप्रिलमधली आवृत्ती ही लांब पल्ल्याची. मधल्या आवृत्त्या नऊ महिन्यांत गळून पडतात, ही टिकते. मिंट त्याच पायावर उभं आहे. २०१४पासून तर त्यांनी फक्त या लांब पल्ल्याच्या आवृत्त्यांवरच मिंट बांधायचं ठरवलं. मी टाकलं ते मिंट २२.२, टोपणनाव झारा. (मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात, 'आ'ने संपणारी. उबुंटूला जनावरांची. यात कुणाला काय सुचलं असेल ते असो.) त्याचा पाया उबुंटू २४.०४, म्हणून सुरक्षेची डागडुजी मिळणार एप्रिल २०२९पर्यंत.

त्या मुलाला हवा होता तो आकडा हा.

तारीख लिहून दिलेली असली की एक विचित्र शांतता वाटते, आणि तिच्यात थोडी भीती मिसळलेली असते. मी आयुष्यभर ज्या आश्वासनांवर विसंबलो, त्यांतल्या बहुतेकांना तारीख नव्हती. मराठी मासिकांचा 'आजीव वर्गणीदार' हा प्रकार आठवतो का? एकरकमी पैसे भरा आणि जन्मभर अंक मिळवा. माझ्या वडिलांनी काही मासिकांची आजीव वर्गणी भरली होती, मग नोकरी लागल्यावर मीही भरली. पावती जाड कागदाची असायची, तिच्यावर संपादकांची शाईची सही. वर्गणीदार आम्ही होतो, पण आधी संपली ती मासिकं. काही गाजावाजा न करता बंद पडली, काही 'जोडअंक' काढत काढत, कुणाला शेवटचा अंक कुठला ते कळलंच नाही. कुणी फसवलं असं म्हणवत नाही. संपादक बिचारे स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातून कागद घ्यायचे. पण 'आजीव' लिहिताना कुणाचं आयुष्य मोजायचं ते दोन्ही बाजूंनी मोघम ठेवलेलं असायचं, आणि त्या मोघमपणातच सगळ्यांचा मान राहायचा. एप्रिल २०२९मध्ये तसा मान नाही. उबुंटूवाले म्हणतात, तोवर आम्ही बघू, पुढे तुमचं तुम्ही पाहा. मला ते जास्त सभ्य वाटतं. अर्थात असं म्हणताना घरात अजून त्या पावत्या जपून ठेवल्या आहेत, हेही सांगायला हवं.

'आम्ही बघू' म्हणणारे हे आम्ही कोण, हा पुढचा प्रश्न. २४.०४ तयार होत असतानाचीच एक हकिकत आहे. एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करण्याचं एक छोटं साधन आहे. जगातल्या बहुतेक लिनक्स यंत्रांत ते असतं, आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं. ते वर्षानुवर्षं फिनलंडमधला एकच गृहस्थ सांभाळत होता, बिनपगारी, हौसेखातर. चर्चेच्या ईमेल-यादीवर लोक त्याला टोचायचे, की सुधारणा उशिरा का येतात, जमत नसेल तर दुसऱ्याला दे. मग एक मदतनीस आला. नाव जिया टॅन. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने निमूट, नेटकं काम केलं, विश्वास मिळवला, आणि अखेर त्या साधनात एक चोरदरवाजा बसवला. तो सापडला तोही योगायोगाने. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरला दिसलं, की दूरच्या यंत्रात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्च २०२४ला त्याने सगळं जाहीर केलं. उबुंटूवाल्यांनी २४.०४ची चाचणी आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली आणि सगळा माल नव्याने बांधून घेतला. एप्रिलच्या २५ तारखेला ती आली, ठरल्या दिवशी.

ही गोष्ट वाचून मला फ्रॉइंडपेक्षा त्या एकट्या गृहस्थाचीच आठवण जास्त राहिली. मी प्रूफं वाचतो म्हणून असेल. आमच्या धंद्यातही अर्धा सेकंद पकडणारी माणसं होती. गिरगावातल्या एका प्रेसमध्ये एक वयस्कर मुद्रितशोधक बसायचे, ते ओळ वाचायचेच नाहीत, नुसती बघायचे आणि बोट ठेवायचे. पण तसा माणूस घडायला वेळ लागतो, आणि त्याला चहा, पगार, आणि 'काय अण्णा, झालं का?' असं विचारणारं कुणीतरी लागतं. 'दीर्घकालीन आधार' हे शब्द वेबपानावर फार भक्कम दिसतात. त्यांच्या खाली कुठेतरी रात्री दिवा लावून बसलेला माणूस असतो, आणि तो थकलेला असू शकतो. मिंटच्या कोपऱ्यातलं ते ढालीचं चिन्ह ठिपका दाखवू लागलं, की दुरुस्त्या आल्या समजायचं. मी पूर्वी अशा सूचना डोळे मिटून पुढे ढकलायचो. आता यादी उघडून नावं वाचतो. त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी वाचतो.

याच्या उलट टोकाची एक गोष्ट मला तितकीच आवडते. लिनुस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते इंटेलच्या ३८६वर. त्या चिपसाठीच ते जन्मलं. डिसेंबर २०१२मध्ये कुणीतरी सुचवलं, की ३८६चा आधार आता काढून टाकू, त्याच्यासाठी उगाच गुंतागुंत सांभाळावी लागते. टोरवाल्ड्सने होकार दिला, आणि वर लिहिलं की मी काही हळवा नाही, गेली ती ब्याद. स्वतःच्या पहिल्या यंत्राबद्दल! मला हे जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण असं करणारी माणसं असतात म्हणून माझा २०१३चा लॅपटॉप २०२५च्या प्रणालीवर धावतो, हेही तितकंच खरं. सगळ्याच जुन्याला जपत बसलं असतं, तर माझ्या जुन्याला जागा राहिली नसती. माझाही नंबर कधीतरी लागणार, आणि तेव्हा कुणीतरी अशीच एक ओळ लिहून मोकळा होणार. यावर मला रागवायचं आहे की दाद द्यायची आहे, ते दिवसागणिक बदलतं.

मिंट टाकण्याचं काम रात्री केलं, जेवणं झाल्यावर. एक स्क्रू काढला की या लॅपटॉपची डिस्क बाजूने सरकून हातात येते. ते मुलाने दुकानातच करून दिलं होतं. जुनी हार्डडिस्क मी पिशवीत घालून घरी आणली होती, ती गार आणि जड. पेनड्राइव्ह लावली, एफ-१२ दाबलं. काही टाकण्याआधी तसंच पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, ही सोय फार मोठी आहे. वायफाय धरलं, आवाज आला, कळांच्या मधोमध असलेला, पडद्यावरचा बाण हलवायचा लाल ठिपकाही बोटाखाली नीट चालला. मग डिस्क पुसायची परवानगी दिली. पट्टी सरकत होती आणि पंखा गप्प होता. इतका गप्प, की मी कान लावून बघितलं. नंतर यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, तर चहाचं आधण ठेवायच्या आत तयार. खरं सांगायचं तर यातलं निम्म्याहून जास्त श्रेय त्या एसएसडीचं. लिनक्सप्रेमी मंडळी हे सहसा सांगत नाहीत.

मग मराठी. कळफलकात इन्स्क्रिप्ट जोडलं, लिब्रेऑफिस हा लिहायचा प्रोग्रॅम उघडला, लोहित देवनागरी हा फाँट निवडला आणि 'शाल' लिहिलं. ल दंडाचा, श हिंदी वळणाचा. हात कपाळावर जाणार, इतक्यात लक्षात आलं की मजकुराची भाषा हिंदी धरली गेली आहे. ती मराठी केली, आणि डोळ्यांसमोर तीच अक्षरं बदलली, ल पाकळीचा झाला, श देठाचा. फाँटात दोन्ही वळणं असतात, भाषा सांगितली की योग्य ते पुढे येतं. २००९च्या शासन निर्णयाने वर्णमालेत ही वळणं ठरवून दिली, पण त्याआधीपासून आम्ही शाळेत पाटीवर तीच गिरवली होती. एवढ्या लांबच्या, एवढ्या मोठ्या गोष्टीत कुणीतरी बसून आपल्या ल-साठी वेगळी पाकळी काढून ठेवली आहे. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "आधी काय वेगळं होतं?"

अडलं ते जुन्या फायलींपाशी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण आमच्या प्रेसांत ती पोचायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. तोवर डीटीपीचे, म्हणजे संगणकावरच्या जुळणीचे, जे फाँट होते, त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. फाँट असेपर्यंत मराठी, फाँट गेला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. माझ्याकडे अशा फायलींचे ढीग आहेत, नव्वदीच्या शेवटापासूनचे. बटर पेपरवर प्रिंट काढून, कात्रीने चूक कापून, बरोबर शब्द चिकटवायचे दिवस. फाइल जपायची हे कुणाच्या मनातच नव्हतं, आम्ही फिल्म जपायचो. आता त्या फायली रूपांतरकातून काढाव्या लागतात, आणि तिथे खरी मजा आहे. जुन्या फाँटात पहिली वेलांटी आधी टाइप व्हायची, जशी ती दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवतात, जशी ती उच्चारतो तशी. 'स्थिती'मधली पहिली वेलांटी अख्खं जोडाक्षर ओलांडून पलीकडे न्यावी लागते. रफाराचं उलट, तो मागून पुढे. रूपांतरक बहुतेक वेळा हे बरोबर करतो. जिथे चुकतो तिथे 'स्थिती'ची भलतीच स्थिती होते, आणि मी पुन्हा प्रूफ वाचायला बसतो, ज्यांची प्रूफं मी एकदा वाचून झालो होतो त्यांचीच. त्यांतले बरेच लेखक आता नाहीत. एकाची वाक्यं मी तेव्हा फार कापली होती. आता वाचताना ती कापायला नको होती असं वाटत नाही, पण त्यांच्याशी भांडायला आवडलं असतं. हे काम एप्रिल २०२९पर्यंत होईल की नाही सांगता येत नाही. झालं तर त्या फायलींना कुठल्याच लॅपटॉपची गरज उरणार नाही, आणि हे सगळं चाललंय ते त्यासाठीच, असं हल्ली वाटतं.

सगळं गोड नाही. जुना स्कॅनर ओळखला जात नाही. डीटीपीवाल्यांकडून येणाऱ्या काही फायली उघडतच नाहीत, त्यांना पीडीएफ पाठवा म्हणावं लागतं, आणि "काका, तुमचं काय ते वेगळंच" हे ऐकून घ्यावं लागतं.

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. खालच्या मजल्यावरचा मित्र, तो दुकानदारांचे हिशेब लिहितो, स्वतःचा लॅपटॉप काखेत मारून आला. "माझ्यावर पण मार ते." त्याचं सगळं काम टॅलीवर, म्हणजे विंडोजवर, जीएसटीसाठी डिजिटल सहीची ती डोंगल. मी म्हटलं, "तू हे करू नकोस. विंडोज १०च्या सुरक्षा-दुरुस्त्या नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात, तेवढ्या घे आणि त्याआधी नवीन घे." त्याचा चेहरा पडला. "म्हणजे तुझा चालतो आणि माझा टाकायचा?" मी समजावलं, की माझं काम फायलींत आहे, त्या कुठेही उघडतील, तुझं काम त्या एका प्रोग्रॅमात आहे, तो जिथे जाईल तिथे तुला जावं लागेल. त्याला ते पटलं असं दिसलं नाही. भाच्याने मला जे सांगितलं तेच मी त्याला सांगत होतो, आणि त्याच काळजीच्या आवाजात. चहा झाल्यावर तो जरा निवळला. म्हणाला, नवीन घेतो, पण मग या जुन्यावर तुझं ते मिंट टाक, नातवाला टायपिंग शिकायला होईल. रॅम किती आहे ते बघून सांगतो म्हटलं. दोनच जीबी निघाली तर मी हात लावणार नाही.